टपालहशील आणि वेष्टन : विक्रीच्या हिशेबातील विसरलेली बाजू

शेतमालाच्या विक्रीची एक नवी वाट गेल्या काही वर्षांत ग्रामीण भागात रुळू लागली आहे. सांगलीकडील हळद, कोल्हापूरचा गूळ, कोकणातील आमसुले व काजू, विदर्भातील मिरचीची पूड, महिला बचत गटांच्या पापड-कुरडया असा माल आता दूरच्या शहरांतील गिऱ्हाईक मोबाइलवरून मागवितो आणि उत्पादक तो टपालाने किंवा कुरियरने थेट त्याच्या दारी पोचवितो. कोल्हापूरच्या गुळाला 2014 साली आणि सांगलीच्या हळदीला 2018 साली भौगोलिक मानांकन मिळाल्यापासून या नावांना परप्रांतातही मान आहे. मधल्या दलालीवाचून माल खपावा ही शेतकऱ्याची जुनी इच्छा अशा रीतीने पुरी होत असेल, तर तिचे स्वागतच केले पाहिजे.

तथापि या वाटेने गेलेल्या अनेक नवख्या विक्रेत्यांचा अनुभव असा, की मागणी वाढत जाते, खोक्यांमागून खोकी रवाना होतात आणि हंगामाच्या शेवटी हाती मात्र काही उरत नाही. यात दोष बहुधा मालाचा नसतो, गिऱ्हाइकाचाही नसतो. बियाणे, खत, मजुरी, दळणावळ यांचा पैसा न् पैसा मांडणारा शेतकरी टपालहशील आणि वेष्टन या दोन बाबी मात्र किरकोळ समजून अखेरीस धरतो. पुष्कळदा धरीतही नाही. वास्तविक थेट विक्रीत क्रम उलट हवा. प्रथम खोक्याचे माप ठरावे, त्यावरून हशील कळावे आणि मगच मालाची किंमत जाहीर व्हावी.

हशिलाचे स्वरूप समजून घेण्यास टपाल खात्याचे कोष्टक डोळ्यांपुढे ठेवणे बरे. 2025 साली रजिस्टर टपालाची सेवा स्पीड पोस्टात विलीन झाली आणि 1 ऑक्टोबर 2025 पासून स्पीड पोस्टाने जाणाऱ्या कागदपत्रांचे दर बदलले. त्यापूर्वीचे दर 2012 सालचे होते. नव्या कोष्टकाप्रमाणे 251 ते 500 ग्रॅम वजनाच्या लखोट्यास त्याच गावात 28 रुपये, 200 किलोमीटरपर्यंत 70 रुपये, 201 ते 500 किलोमीटरपर्यंत 75 रुपये, 501 ते 1000 पर्यंत 82 रुपये, 1001 ते 2000 पर्यंत 86 रुपये आणि त्यापलीकडे 93 रुपये असा आकार ठरला. यावर 18 टक्के वस्तू व सेवा कर वेगळा. म्हणजे 75 रुपयांच्या जागी प्रत्यक्षात 88 रुपये 50 पैसे मोजावे लागतात. वर्तमानपत्रात दर वाचून त्यावरच हिशेब बांधणारा विक्रेता येथे पहिली ठेच खातो.

दुसरी ठेच याहून मोठी आहे. हे दर कागदपत्रांचे आहेत. हळदीचे पाकीट हे कागदपत्र नव्हे, पार्सल होय. आणि पार्सलाचे कोष्टक निराळे असते. ते टपाल कार्यालयातून समक्ष किंवा खात्याच्या संकेतस्थळावरून पाहून घ्यावे, आणि किंमत जाहीर करण्याच्या दिवशी पुन्हा एकदा पडताळावे.

असे असले तरी कागदपत्रांच्या कोष्टकावरून एक गोष्ट चांगली ध्यानात येते. गावची हद्द ओलांडताच 28 चे 70 होतात. परंतु 200 किलोमीटरपासून थेट 2000 किलोमीटरपलीकडे गेले तरी वाढ होते ती अवघी 23 रुपयांची. सांगलीहून मुंबईस जाणारा लखोटा आणि गुवाहाटीस जाणारा लखोटा यांच्या हशिलात 18 रुपयांचा फरक आहे. टपालाचा खरा खर्च वस्तू स्वीकारणे, तिची वर्गवारी करणे आणि दारी नेऊन देणे यांत होतो. मधला प्रवास त्या मानाने स्वस्त पडतो. या तत्त्वावरच 1854 साली हिंदुस्थानात अंतराचा विचार न करता केवळ वजनावर पत्राचे हशील ठरविण्याची पद्धत आली. अंतराची पायरी आज पुन्हा कोष्टकात आली आहे, पण तिचा भार विक्रेत्यास वाटतो तितका नाही. 'लांबचे गिऱ्हाईक परवडत नाही' हा समज म्हणूनच तपासून घ्यावयास हवा. जे परवडत नाही ते बहुधा अंतर नसून वजन आणि आकारमान असते.

वजनाच्या बाबतीत प्रथम लक्षात ठेवावयाचे ते हे, की गिऱ्हाईक पैसे देतो निव्वळ मालाचे आणि वाहतूकदार पैसे घेतो वेष्टनासह एकूण वजनाचे. त्यात दर टप्प्याटप्प्याने वाढतात. टप्पा 500 ग्रॅमचा असेल, तर अर्धा किलो हळदीचे पाकीट खोका, पुठ्ठा व चिकटपट्टी यांसह 590 ग्रॅम भरते आणि 1 किलोच्या टप्प्याचे हशील देऊन मोकळे होते. राहिलेल्या 410 ग्रॅमांचे भाडे भरलेले असते, पण त्या जागी माल नसतो. हळदीचे पाकीट अर्ध्या किलोचेच असावे असा कायद्याचा आग्रह नाही. निव्वळ वजन व किंमत मात्र पाकिटावर स्पष्ट छापलेली हवी. तेव्हा 400 ग्रॅमचे पाकीट वेष्टनासह पहिल्या टप्प्यात बसविणे, किंवा 900 ग्रॅम मालाचे पार्सल 1 किलोच्या आत ठेवणे, यांत कसलीही लबाडी नाही. अर्धा, एक, दोन किलो ही मापे बाजारातील तराजूने लावलेली सवय आहे. टपालाचा काटा ती सवय मानीत नाही.

आकारमानाची गोष्ट याहून अवघड, आणि नवखा विक्रेता सर्वांत जास्त फसतो तो येथेच. पार्सल हलके असूनही मोठी जागा अडवीत असेल, तर त्याचे हशील प्रत्यक्ष वजनावर न घेता आकारमानावरून काढलेल्या वजनावर घेतले जाते. खोक्याची लांबी, रुंदी व उंची सेंटिमीटरमध्ये मोजून त्यांचा गुणाकार करावयाचा आणि त्यास सर्वसाधारणपणे 5000 ने भागावयाचे, म्हणजे किलोग्रॅममध्ये आकारमानी वजन येते. स्पीड पोस्टाच्या पार्सलांस आणि पुष्कळशा खाजगी कुरियरांस ही रीत लागू आहे. भाजकाचा आकडा काही ठिकाणी निराळा असतो. तो ज्याच्या त्याच्या दरपत्रकात पाहावा. प्रत्यक्ष व आकारमानी या दोहोंपैकी जे वजन अधिक, त्याचे पैसे द्यावे लागतात.

आता कुरडईचे उदाहरण घ्यावे. अर्धा किलो कुरडया मोडू नयेत म्हणून बचत गटाने 30 सेंटिमीटर लांब, 30 रुंद व 20 उंच असा प्रशस्त खोका घेतला. कुरडया व खोका मिळून वजन भरले 800 ग्रॅम. परंतु 30, 30 व 20 यांचा गुणाकार 18,000. त्यास 5000 ने भागले असता 3.6 किलो. म्हणजे अर्ध्या किलो कुरडयांसाठी 3.6 किलोचे हशील. उलट 1 किलो गुळाची ढेप 12, 12 व 10 सेंटिमीटरच्या खोक्यात सहज बसते. तिचे आकारमानी वजन 288 ग्रॅम येते आणि हशील प्रत्यक्ष वजनावरच लागते. एकाच घरातून, एकाच दिवशी, एकाच शहरास निघालेल्या या दोन पार्सलांपैकी कमी किमतीच्या हलक्या मालाला कितीतरी अधिक भाडे पडते, आणि गटातील भगिनींना वाटते की काउंटरवरील माणसाने चूक केली.

येथे उपाय खोक्यात नसून कुरडईत आहे. ताटाएवढी पसरट कुरडई घालण्याची रीत घरच्या डब्यासाठी ठीक आहे. टपालाने पाठवावयाची कुरडई लहान, सारख्या आकाराची आणि एकावर एक बसणारी घातली, तर तोच माल 25, 20 व 12 सेंटिमीटरच्या खोक्यात मावू शकतो व आकारमानी वजन 1.2 किलोवर येते. वैशाखात चीक शिजत असतानाच हा निर्णय घ्यावा लागतो. आश्विनात मागणी आल्यावर तो घेता येत नाही.

खोका घेताना 'थोडा मोठा असलेला बरा' असे म्हणण्याची जी पद्धत आहे, तीही महागात पडते. 25, 20 व 15 सेंटिमीटरच्या खोक्याचे आकारमानी वजन दीड किलो. तिन्ही बाजूंस केवळ 3 सेंटिमीटर वाढवून 28, 23 व 18 चा खोका घेतला तर ते जवळजवळ 2.32 किलो होते. दोन बोटे जागा अधिक मिळाली आणि भाड्याचे वजन दीडपटीहून वर गेले.

या साऱ्याचा पैशांत काय परिणाम होतो, हे पाहण्यासाठी एक काल्पनिक ताळेबंद मांडता येईल. समजा, अर्धा किलो हळदपूड दळणासह 110 रुपयांस पडली. पाकीट 6, खोका 14, चिकटपट्टी व नावपट्टी 4 रुपये. हशील 60 रुपये धरले तर करासह 70 रुपये 80 पैसे. एकूण 204 रुपये 80 पैसे. विक्रेत्याने शेजारच्या दुकानातील भाव पाहून आणि मोठ्या कंपन्यांचे अनुकरण करून 'घरपोच मोफत, 200 रुपये' अशी जाहिरात केली, तर दर पाकिटामागे 4 रुपये 80 पैसे पदरचे गेले. आणि त्यात फुटतूट, परत आलेला माल व स्वतःची मेहनत धरलेलीच नाही. आता त्याच गिऱ्हाइकास तीन पाकिटे एकत्र पाठविली असे समजावे. माल 330, पाकिटे 18, मोठा खोका 20, इतर 6 आणि हशील 120 अधिक कर 21 रुपये 60 पैसे. एकूण 515 रुपये 60 पैसे. 600 रुपये आले तर 84 रुपये 40 पैसे शिल्लक. गिऱ्हाईक तेच, दर तोच, हळद तीच. पण एकीकडे खोट आणि दुसरीकडे नफा.

म्हणून 'घरपोच मोफत' हे शब्द लहान उत्पादकाने सहसा वापरू नयेत. टपाल कोणासही मोफत नसते. मोठ्या व्यापाऱ्याचे हशील हजारो पार्सलांवर पसरलेले असते, त्याचे वाहतूकदाराशी ठरावीक करार असतात, आणि एखाद्या मालावरील तोटा तो दुसऱ्यावर भरून काढतो. पाच गुंठ्यांत हळद लावणाऱ्या कुटुंबास यांतील एकही सोय नाही. हशील वेगळे दाखविले तर गिऱ्हाईक बिचकते हे खरे आहे. त्याचा इन्कार करण्यात अर्थ नाही. परंतु त्यास उत्तर भाडे लपविणे हे नसून किमान मागणी ठरविणे हे आहे. 'एका पार्सलात तीन पाकिटे' असे स्पष्ट सांगितले की शहाणा गिऱ्हाईक शेजाऱ्यास विचारून मागणी पुरी करतो. एकाच सोसायटीतील चार घरांची मागणी एका खोक्यात गेली तर उत्तमच. पार्सले नियमितपणे व मोठ्या संख्येने जाऊ लागली म्हणजे टपाल खात्याशी ठोक ग्राहक म्हणून बोलणी करता येतात. स्पीड पोस्टाच्या 2025 च्या दरबदलात नव्या ठोक ग्राहकांस 5 टक्के सूट जाहीर झाली आहे. गावातील तीन-चार गटांनी एकाच नावाने माल पाठविला तर ती सूट आवाक्याबाहेरची नाही.

हशील वाचविण्याच्या भरात वेष्टन दुबळे करणे मात्र आत्मघाताचे आहे. पार्सल गिऱ्हाइकाच्या हाती पडेपर्यंत अनेकदा उचलले, टाकले व रचले जाते आणि त्यावर दुसरी जड पार्सले येतात. त्यास 'सांभाळून हाताळा' अशी विनंती लिहून फारसा उपयोग होत नाही. पन्हळी पुठ्ठ्याचा तीन पदरी खोका किलो-दोन किलोच्या कोरड्या मालास पुरतो. जड किंवा फुटणाऱ्या मालास पाच पदरी घ्यावा. पुठ्ठ्यातील पन्हळी उभ्या राहतील असा खोका ठेवला तर तो भार सोसतो, आडव्या पडल्या तर दबतो. चिकटपट्टी मधल्या फटीवर लावून थांबू नये. दोन्ही टोकांच्या कडांवरही लावावी. खोका हलविल्यावर आत खुडखुड होता कामा नये. मोकळ्या जागी कागदाचे बोळे घट्ट भरावेत. पूर्वी पार्सल जाड्या कापडात शिवून लाखेची मोहर करीत, ती रीत आता मागे पडली असली तरी तिच्यातील हेतू विसरण्यासारखा नाही : वेष्टनाच्या आत वस्तू जागची हलू नये.

गवत किंवा भाताचा पेंढा भरण्यासाठी वापरण्याची आंब्याच्या पेटीची सवय टपालात नेऊ नये. त्यातून ओल व कीड जाण्याचा धोका असतो, आणि परदेशी पार्सलात तर वनस्पतिरोगांच्या नियमांमुळे असे भरण पुष्कळ देश स्वीकारीत नाहीत.

गूळ व मीठ लावलेली आमसुले हवेतील ओल ओढून घेतात. जुलै-ऑगस्टात केवळ पुठ्ठ्याच्या भरवशावर ती पाठविली तर खोका आतून भिजून फाटतो. अशा मालास खाद्यपदार्थास योग्य, जाड व तोंड गरम करून बंद केलेली पिशवी हवी, आणि सबंध खोक्यास बाहेरून आणखी एक प्लॅस्टिकचे आवरण. मध, तूप व कोकमाचे आगळ यांबाबत टपालाचा फार जुना दंडक आहे, की पातळ पदार्थ दुहेरी पात्रात घालावा आणि दोहोंच्या मधल्या जागेत लाकडाचा भुसा किंवा कोंड्यासारखा ओल शोषणारा पदार्थ भरावा. आतले भांडे फुटले तरी ओघळ दुसऱ्याच्या पत्रांवर जाता कामा नये. काचेची बरणी दिसावयास देखणी खरी, परंतु अर्धा किलो मधाची बरणी रिकामी असतानाच दोन-अडीचशे ग्रॅम भरते. म्हणजे एकदा वजनाचे पैसे आणि पुन्हा फुटण्याची धास्ती. दूरच्या गिऱ्हाइकास खाद्यपदार्थाच्या दर्जाची प्लॅस्टिक बरणी पाठविणे हितावह. पिकलेली फळे व भाजीपाला मात्र नवख्याने टपालाच्या भरवशावर मुळीच पाठवू नये. कोरड्या मालात हात बसल्यावर त्याचा विचार करावा.

पत्त्याबद्दल थोडेसे. वडगाव आणि पिंपळगाव ही गावे महाराष्ट्रात किती आहेत हे मोजू लागले तर दमछाक होईल. 15 ऑगस्ट 1972 रोजी सुरू झालेला सहा आकडी पिनकोड याच अडचणीवरचा तोडगा होता, आणि तो बसविणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे मराठी गृहस्थ, टपाल खात्यातील अधिकारी व संस्कृतचे कवी होते. पहिला आकडा विभाग, शेवटचे तीन आकडे टपाल कार्यालय सांगतात. गिऱ्हाइकाने कळविलेला पिनकोड व गावाचे नाव जुळते की नाही हे पार्सल बांधण्यापूर्वी पाहावे. नावपट्टी पाण्याने न पुसणाऱ्या शाईने लिहावी व तिची एक प्रत खोक्याच्या आतही ठेवावी. बाहेरची फाटली तर आतल्या प्रतीवरून मालकाचा शोध लागतो.

माल मिळाल्यावर पैसे देण्याची पद्धत आपल्याकडे नवी नाही. 1877 साली सुरू झालेल्या व्ही. पी. पद्धतीने पुस्तके आणि औषधे खेडोपाडी गेली. गिऱ्हाइकाचा विश्वास बसावा म्हणून ती चांगली. परंतु त्याने पार्सल नाकारले तर जाण्याचे हशील बुडते, काही वाहतूकदार परतीचेही भाडे लावतात, आणि महिनाभर फिरून आलेला पापड विकण्याजोगा राहत नाही. अनोळखी गिऱ्हाइकाकडून निदान हशिलाएवढी रक्कम आगाऊ घ्यावी, यात संकोच बाळगण्याचे कारण नाही. मोलाच्या मालाचा विमा उतरवावा. हरवलेल्या पार्सलाची पूर्ण किंमत नेहमीच्या हशिलात भरून मिळेलच असे समजू नये.

या सर्व बाबतींत शिकवणुकीची उणीव आहे, हे स्पष्टपणे म्हटले पाहिजे. बचत गटांच्या प्रशिक्षण वर्गांत लोणची, मसाले व सरबते करण्याचे धडे दिले जातात, अन्न सुरक्षा नोंदणीची माहिती दिली जाते, आणि बाटलीवरील चित्राचीही चर्चा होते. तेथे वजनकाटा, मोजपट्टी व चार मापांची खोकी ठेवून 'हे पार्सल मुंबईस किती रुपयांत जाईल' एवढा एक प्रश्न सोडवून घेतला, तर त्या अर्ध्या तासाचा उपयोग उरलेल्या दोन दिवसांहून कमी होणार नाही. देशातील सुमारे 1 लाख 64 हजार टपाल कार्यालयांपैकी बहुतांश ग्रामीण भागात आहेत. त्यांतील एखाद्या टपालसेवकास वर्गास बोलावणे कठीण नाही. खोकी एकेकटीने किरकोळीने घेण्याऐवजी तालुक्यातील गटांनी दोन-तीन ठरावीक मापांची एकत्र मागवावीत. खोका स्वस्त पडतो, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे माप ठरलेले असल्याने हशील आधीच माहीत असते.

जो विक्रेता अद्याप सुरुवात करावयाचा आहे, त्याने पहिले पार्सल गिऱ्हाइकास न पाठविता आप्तेष्टांपैकी कोणा दूर राहणाऱ्यास पाठवावे. बांधलेले खोके कमरेच्या उंचीवरून प्रत्येक बाजूवर व कोपऱ्यावर एकदा टाकून पाहावे. आतला माल शाबूत राहिला तरच ते टपालात द्यावे. काउंटरवर झालेले वजन, लागलेले हशील व कर, निघाल्याचा व पोचल्याचा दिवस वहीत टिपावा आणि पोचलेल्या खोक्याचे उघडण्यापूर्वीचे व नंतरचे छायाचित्र मागवून घ्यावे. हाच प्रयोग आषाढात पुन्हा करावा, कारण मार्गशीर्षात कोरडा पोचलेला गूळ पावसाळ्यात तसाच पोचतो असे नाही; आणि या दोन्ही पार्सलांचा खर्च त्या वर्षीच्या मालाच्या किमतीत धरावा.